पीर की गली आणि अम्मीच्या दोन अटी

मोटारसायकलवरून पीर पंजाल ओलांडायचे ठरले तेव्हा आम्ही तिघे शिक्षक होतो. मग एकाला उन्हाळी प्रशिक्षणाचे पत्र आले आणि दुसऱ्याच्या पुतणीचा निकाह नेमका त्याच आठवड्यात निघाला. जम्मूची तिकिटे काढून झाली होती. उरलो आम्ही. (या लेखात ‘आम्ही’ म्हणजे एकच माणूस समजावा. वीस वर्षे वर्गासमोर उभे राहून ही खोड लागली आहे.)

अम्मीला सांगितले तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिने ताट बाजूला सारले. “अकेला नक्को जा बाबा,” एवढेच म्हणाली. थोड्या वेळाने हदीस काढली. एकट्याने सफर करू नये, निदान तिघांचा काफला असावा, आणि रात्री तर एकट्या स्वाराने मुळीच निघू नये, या आशयाच्या हदीसा आपल्या बहुतेक घरांत कानावर पडलेल्या असतात. अम्मीने त्या मोहल्ल्यातल्या बायकांच्या इज्तेमात ऐकल्या होत्या. आमच्याकडे उत्तर नव्हते, म्हणून आम्ही दोघे मिळून मौलानांकडे गेलो.

मौलानांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, उलेमांनी या मनाईमागचे कारण सांगितले आहे ते जिवाच्या धोक्याचे. निर्जन वाटेवर आजारी पडला, जनावर उधळले, तर मदतीला कोणी नाही आणि घरच्यांना खबर देणाराही कोणी नाही. वाट वाहती असेल, वस्ती असेल, तर गुंजाइश आहे. पण हदीस हलकी समजू नका.

अम्मीने त्यातून दोन अटी काढल्या. मगरिबनंतर गाडीचे चाक फिरता कामा नये. आणि रोज मगरिबला घरी फोन आलाच पाहिजे. आम्ही दोन्ही कबूल केल्या. एवढ्या सोप्या अटींवर सुटका झाली याचा आनंदच वाटला.

याच रस्त्याने जायचे, हे आमच्या डोक्यात कधीपासून होते. सातवीच्या वर्गात मुघलांचा विषय चालू असताना एका मुलीने विचारले होते, “सर, जहांगीर बादशहा काश्मीरहून येताना रस्त्यात वारला म्हणता, तो रस्ता आता आहे का?” आहे. आज त्याला मुघल रोड म्हणतात. पुंछ जिल्ह्यातल्या बाफलियाजपासून शोपियानपर्यंत ८४ किलोमीटर, मधे पीर की गली ही खिंड, उंची सुमारे ३,४९० मीटर. आपले कळसूबाई १,६४६ मीटर आहे. एकावर एक दोन कळसूबाई ठेवल्या तरी खिंडीच्या खालीच राहतील.

जम्मू स्टेशनवर उतरलो आणि आमचा फोन मुका झाला. बाहेरच्या राज्यातली प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. ही गोष्ट तिकडे जाणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. आम्हाला नव्हती. तिथले सिम घ्यायचे तर कागदपत्रे आणि अर्धा दिवस हवा होता, आणि आम्ही भाड्याची गाडी ठरवून बसलो होतो. म्हटले, फोन काय, कोणाचाही मागून करू. वाचकांपैकी कोणी जाणार असेल तर निघण्यापूर्वी घरातला एक नंबर पोस्टपेड करून घ्यावा. बाकीचे सल्ले लेखात पुढे येतील तसे येतील, पण हा सर्वांत महत्त्वाचा.

सवारीची दुआ म्हणून निघालो. अखनूरवरून नौशेरा, नौशेऱ्यावरून राजौरी, दीडशे किलोमीटरच्या आसपास. ऊन आपल्याकडच्यासारखेच होते. नौशेऱ्यापासून पुढे मुघलांची मूळ वाट लागते. ती लाहोरहून भिंबरमार्गे यायची. भिंबर आज नियंत्रण रेषेपलीकडे आहे, म्हणून अलीकडून जाणाऱ्याला अखनूरचा वळसा.

नौशेरा आणि राजौरीच्या मधे रस्त्याला लागूनच चिंगसची सराय आहे. भक्कम दगडी भिंती, आत चौक, चौकाभोवती खोल्या, एक मशीद आणि एक कबर. १६२७ साली काश्मीरहून परतताना जहांगीरचे या वाटेवर निधन झाले. गादीवरून भांडण पेटेल या भीतीने नूरजहाँने बातमी दाबून ठेवली, शव टिकावे म्हणून आतडी काढून इथे दफन केली आणि बादशहा जिवंत असल्यासारखी स्वारी लाहोरकडे नेली, अशी कथा सांगतात. फारसीत चिंगस म्हणजे आतडी, हेही तिथला प्रत्येक माणूस सांगतो. बादशहाची खरी कबर लाहोरच्या शाहदऱ्यात. आम्ही फातिहा वाचली. राखणदाराने विचारले, “अकेले आए हो?”

हा प्रश्न पुढे सहा दिवस आमच्या मागे लागला. तपासणी नाक्यावरचा पोलीस वहीत नाव लिहिताना विचारायचा, चहावाला विचारायचा, पेट्रोल भरणारा पोरगा विचारायचा. अकेले? गाडी जम्मूची, बोली दख्खनी, ओळखपत्र सांगली जिल्ह्याचे आणि मागची सीट रिकामी. लोकांना ते खटकायचे. संशयापेक्षा काळजी जास्त होती असे आम्हाला वाटले.

राजौरीत लॉजच्या मालकाच्या फोनवरून पहिल्या मगरिबला अम्मीशी बोललो. दुसऱ्या दिवशी मुद्दाम थोडाच पल्ला ठेवला, थन्नामंडी आणि शाहदरा शरीफ. थन्नामंडीत चिकरी लाकडाचे काम होते. फिकट पिवळसर, मऊ लाकूड, त्याचे कंगवे आणि चमचे करतात. या कामाला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. बेगमसाठी एक कंगवा घेतला. शाहदरा शरीफला बाबा गुलाम शाह बादशाह यांचा दर्गा. राजौरीचे विद्यापीठ त्यांच्याच नावाचे आहे. दर्ग्यांबाबत आपल्या वाचकांत दोन मते आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. लंगरबाबत दोन मते असू नयेत. मक्याची रोटी, डाळ, आणि पंगतीत आमच्या डावीकडे एक शीख कुटुंब. मगरिबचा फोन त्या कुटुंबातल्या बाईंच्या मोबाइलवरून झाला. त्या स्वतः दोन मिनिटे अम्मीशी बोलल्या, मुलगा नीट जेवतोय असे सांगितले.

तिसऱ्या दिवशी फजरनंतर लगेच निघालो. निघताना चामड्याचे उंच बूट वुजू करून पायात घातले. मोटारसायकलवाल्यांसाठी ही मोठी सोय आहे. घोटे झाकणारा चामडी जोडा वुजूच्या अवस्थेत घातला, तर त्यानंतर दर वुजूला पाय धुवायला नकोत, वरून ओला हात फिरवला की झाले. मुकीमला एक दिवस-रात्र, मुसाफिराला तीन. कॉलेजात असताना फिकहच्या पुस्तकात हा मसला वाचला तेव्हा सांगलीच्या उन्हात त्याचा उपयोग काय, असे वाटले होते. पीर पंजालच्या बर्फाच्या पाण्यात बोटे घातल्यावर कळले.

थन्नामंडीच्या वर देहरा की गली. देवदार आणि चीड, मधे हिरवी कुरणे, लष्कराची चौकी. तिथून बाफलियाजला उतरायचे. सिकंदराचा घोडा इथे मेला आणि त्याच्या नावावरून गावाला नाव पडले, अशी दंतकथा आहे. आम्ही ती ऐकून घेतली आणि चहा प्यालो. इथून मुघल रोड सुरू. बेहरामगल्ल्याजवळ नूरी छंब हा धबधबा लागतो, नूरजहाँच्या नावाचा. पाणी इतक्या जोराने खाली येते की पन्नास पावलांवरच कपडे दमट होतात. पुढे पोशाना, मग छत्तापानी. रस्ता वळणावळणांनी वर चढतो आणि झाडे एकेक करून मागे राहतात. छत्तापानीच्या वर कडेला बर्फाच्या भिंती होत्या. मे महिना संपत आला होता.

या वाटेची एक गोष्ट शाळेच्या पुस्तकात येत नाही. १५८६ मध्ये अकबराने काश्मीर घेतले आणि १५८९ मध्ये तो पहिल्यांदा तिथे गेला. त्याच्यासाठी कासिम खानाने डोंगर फोडून वाट रुंद केली. पुढच्या बादशहांच्या काळात मजलेमजलेवर सराया उभ्या राहिल्या. नौशेरा, चिंगस, राजौरी, थन्ना, बेहरामगल्ला, पोशाना, अलियाबाद, हिरपोरा, शोपियान. एका सरायेतून सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी दुसरीत पोचावा, असा हिशेब. व्यापारी, फकीर, हाजी, सगळे त्याच चौकात उतरायचे. एकटा निघालेला माणूस संध्याकाळी एकटा राहू नये, याची ही व्यवस्था. अम्मीची अट आणि बादशहाची व्यवस्था एकच होती, हे आमच्या तिसऱ्या दिवशी लक्षात आले.

तरीही ही खिंड कोणाला सहज जाऊ द्यायची नाही. १६६५ साली औरंगजेबाच्या लवाजम्याबरोबर बर्निए नावाचा फ्रेंच डॉक्टर या वाटेने गेला. त्याने लिहून ठेवले आहे की, चढावर पुढचा हत्ती बिचकून मागे सरला, मागच्यांना वळायला जागा नव्हती, आणि पंधरा हत्ती जनानखान्यातल्या बायकांसह दरीत कोसळले. बायका बहुतेक वाचल्या, हत्ती नाही. माथ्यावर त्याला एक म्हातारा फकीर भेटला होता. तो येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायचा, इथे आवाज करू नका, आवाजाने वादळ उठते. जहांगीरने ऐकले नाही, नगारे वाजवायला लावले आणि जिवावरचे संकट ओढवून घेतले, असेही त्याने बर्निएला सांगितले.

आम्ही पीर की गलीला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. पर्यटकांच्या गाड्या एकमेकींना हॉर्न देत होत्या. फकिराची आठवण झाली. तिथे शेख अहमद करीम यांचे स्थान आहे, त्यांच्यावरूनच ही पीर की गली. वारा असा की मुसल्ल्यावर चारी कोपऱ्यांना दगड ठेवावे लागले. जुहरच्या दोन रकात कसर पढलो. पश्चिमेला, किब्ल्याच्या बाजूला, आपण चढून आलो ती पुंछची दरी. पाठीमागे काश्मीर.

पलीकडच्या उतारावर हिरपोरा अभयारण्य सुरू होते. ३४१ चौरस किलोमीटर, काळे आणि तपकिरी अस्वल, कस्तुरीमृग, आणि मारखोर. मारखोर म्हणजे पिळदार शिंगांची रानबकरी. मार म्हणजे साप, खोर म्हणजे खाणारा. उर्दूच्या शिक्षकाला नाव सोपे वाटते, पण ती साप खात नाही, गवत खाते. भारतात ती आता काश्मीरच्या मोजक्याच डोंगरांत उरली आहे, आणि हिरपोरा त्यांपैकी एक. या रस्त्याची कल्पना १९७९ मध्ये शेख अब्दुल्लांच्या सरकारने पुढे आणली. नंतर दहशतीच्या वर्षांत काम बंद पडले. पुन्हा सुरू झाले तेव्हा, अभयारण्यातून रस्ता न्यावा का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. रस्ता झाला. राजौरी-पुंछच्या लोकांना काश्मीरची वाट जवळ झाली, आणि मारखोरच्या घरातून ट्रक जाऊ लागले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आम्हाला मारखोर दिसली नाही. ज्याच्या गाडीचा आवाज दरीच्या पलीकडे ऐकू जातो त्याने तिची अपेक्षा करणेही चूक.

खिंडीच्या खाली अलियाबाद सराय. शाहजहानच्या काळातल्या अली मर्दान खानाशी तिचे नाव जोडतात. मोकळ्या उतारावर ती एकटीच उभी आहे. आम्ही तिथे अर्धा तास काढला, तो काढायला नको होता. ढग केव्हा उतरले ते कळले नाही. आधी पाऊस, मग हरभऱ्याएवढ्या गारा. सरायेच्या थोडे पुढे एका वळणावर बर्फ वितळून रस्त्यावर चिखल वाहत होता. वेग बैलगाडीचाच होता, तरी पुढचे चाक सरकले आणि गाडी डाव्या अंगावर पडली. आम्हाला गुडघ्याला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, अल्हम्दुलिल्लाह. पण क्लचची दांडी बुडातून तुटली होती. दांडी नाही म्हणजे गाडी तिथेच. सुटी दांडी कोणीही बरोबर ठेवतो, ती सीटखाली मावते. आमच्याकडे कंगवा होता.

पाच वाजले होते. मगरिब साडेसातच्या पुढे. वर-खाली करणाऱ्या गाड्या थांबत होत्या, पण मोटारसायकल कोणाच्या गाडीत चढणार? सहाच्या सुमारास एक कुटुंब शोपियानकडे निघाले होते. त्यांनी गाडी इथेच सोडून बरोबर चला म्हटले. त्यांच्याबरोबर गेलो असतो तर काळोख पडता पडता का होईना फोन लागला असता. पण दुसऱ्याची गाडी अमानत, ती रानात टाकून कशी जायची? शिवाय घाट उतरता उतरता मगरिब होणार. एक अट पाळायची तर दुसरी मोडत होती. आम्ही त्यांना नको म्हटले. त्यांची गाडी वळणाआड गेल्यावर डोक्यात उजेड पडला की एका चिठ्ठीवर घरचा नंबर लिहून दिला असता, तर त्यांनी खाली जाऊन एक फोन केला असता. वर्गात मुलांना आधी विचार करा म्हणून रोज सांगणारे आम्ही. त्यांच्या गाडीमागे थोडे पळालोही.

त्यानंतर रस्ता रिकामा झाला.

पुढचा अर्धा तास आम्ही काय विचार करत होतो ते लिहिण्यासारखे नाही. मौलानांचे शब्द मात्र आठवत होते, आणि वाहती वाट किती लवकर निर्जन होते ते दिसत होते. मग सरायेच्या बाजूने घंटा ऐकू आल्या. आधी बकऱ्या, शंभर-दीडशे तरी असतील, मग मेंढ्या, मग सामान लादलेली घोडी. एका घोडीवर गठड्यांच्या मधे बांधून बसवलेले लहान मूल, आणि त्याच्या मांडीवर कोकरू. दोन मोठे कुत्रे आमच्याभोवती फिरून गेले. मागून एक वयस्कर बकरवाल, पागोटे बांधलेले, दाढी मेंदीची. सलाम झाला. त्यांनी गाडीकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिले.

“अकेले?”

आम्ही मान हलवली. त्यांनी मागे वळून मुलांना हाक मारली. दोघांनी गाडी उचलून कडेला नेली, तिच्यावर घोंगडी टाकली. रस्त्याखालच्या सपाटीवर त्यांचा मुक्काम पडायचाच होता. ताडपत्रीचा तंबू उभा राहायला पंधरा मिनिटेसुद्धा लागली नाहीत.

जम्मूच्या सखल भागातून उन्हाळ्यात काश्मीरच्या कुरणांकडे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात परत, असे हे लोक वर्षातून दोनदा हा डोंगर पायी ओलांडतात. सरकारी कागदावर ते १९९१ पासून अनुसूचित जमातीत आहेत. गोजरी बोलतात, उर्दू समजते. राजौरीच्या खालून निघून त्यांना तीन आठवडे झाले होते. वाटेत चार बकऱ्या ट्रकखाली गेल्या, एक सून बाळंत झाली. चाचांनी हे दोन्ही एकाच आवाजात सांगितले.

दादींनी मक्याची रोटी आणि मिठाचा चहा दिला. मिठाचा चहा आम्हाला आवडला असे म्हणणे खोटे होईल. पण दोन पेले प्यालो. आम्ही शिक्षक आहोत हे कळल्यावर एका नऊ-दहा वर्षांच्या मुलाला पुढे ढकलण्यात आले. त्याने गठडीतून उर्दूचे तिसरीचे पुस्तक काढले. कोपरे ओलसर झालेले, पण प्लास्टिकच्या पिशवीत नीट जपलेले. त्यांच्यासाठी डोंगरातल्या कुरणांवर उन्हाळ्यापुरत्या हंगामी शाळा भरतात. मुलगा म्हणाला, सगळ्या ढोकांवर मास्टरजी पोचतातच असे नाही. त्याने धडा वाचून दाखवला. अडखळत, पण जेर-जबर न चुकता.

आमच्या गावाकडे दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडीची कुटुंबे येतात. त्यांची मुले दोन-तीन महिने वर्गात मागे बसतात आणि हंगाम संपला की हजेरीपटावर नुसती रेघ राहते. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, काही चालल्या, काही कागदावर राहिल्या. त्या मुलांतल्या किती जणांच्या पुस्तकाला आम्ही कधी प्लास्टिकची पिशवी दिली, हा प्रश्न तिथे, त्या तंबूत पडला.

मुलाने विचारले, “तुम्हारे यहाँ पहाड़ हैं?”

आहेत म्हटले. सह्याद्री. पण बर्फ पडत नाही.

तो विचारात पडला. “फिर बकरियाँ पानी कहाँ पीती हैं?”

इशाला चाचांनी आम्हाला पुढे उभे केले. मास्टरजी आहेत, कुरआन पढलेले आहेत, तुम्हीच इमामत करा. आम्ही मुसाफिर, म्हणून दोनच रकात. मुसाफिर इमामाने सलाम फेरला की मागच्या मुकीम लोकांनी उठून उरलेल्या दोन पूर्ण करायच्या असतात. आम्ही सलाम फेरला आणि मागचे उठतील म्हणून तसेच बसून राहिलो. कोणीच उठले नाही. मागे वळून पाहिले तर चाचा दुआला हात उचलून बसले होते. तेही मुसाफिरच.

रात्री झोप लागली नाही. थंडीपेक्षा घराचा विचार जास्त होता. तिकडे काय चालले होते ते नंतर बेगमनी सांगितले. मगरिबपासून अम्मी मुसल्ल्यावरून उठली नाही. आठ वाजता तिने राजौरीच्या लॉजवाल्याला फोन लावला, कारण पहिल्या दिवशीचा नंबर तिने वहीत उतरवून ठेवला होता. मग शाहदऱ्याच्या त्या शीख बाईंना. बाईंनी आपल्या नवऱ्याला सांगून बाफलियाजकडच्या कोणा ओळखीच्याला विचारले. तिकडून उत्तर आले, वर गारपीट झाली आहे, रस्त्यावर अपघाताची खबर नाही. रात्री एक वाजता त्या बाईंनी स्वतःहून पुन्हा फोन केला, म्हणे माँजी, वाहेगुरू राखेल, थोडे झोपून घ्या. अम्मी झोपली नाही. पण फोन ठेवायच्या आधी तिने त्यांच्या मुलांची नावे विचारून घेतली.

सकाळी आठच्या सुमारास शोपियानकडे रिकामा परतणारा छोटा ट्रक मिळाला. चाचांच्या मुलांनी गाडी चढवून दोरांनी बांधली. पैशांचा विषय काढताच चाचांनी हात वर केला. आम्ही कंगवा दादींच्या हातात ठेवला, तो त्यांनी घेतला. निघताना चाचांनी मोठ्या मुलाचा मोबाइल नंबर आमच्या वहीत लिहून दिला. म्हणाले, घरी पोचलात की एक फोन करा. आमचा मोबाइल खाली उतरल्यावरच लागतो, पण करा.

हिरपोऱ्याच्या खाली ट्रकवाल्याच्या फोनला रेंज आली. नऊ वाजून गेले होते. पहिल्याच घंटेला अम्मीने उचलला. आम्ही सलाम केला. पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग म्हणाली, “चाक फिराया क्या रात कू?”

नाही म्हटले.

“अच्छा किया,” म्हणाली, आणि फोन बेगमच्या हातात दिला.

शोपियानमध्ये सफरचंदाच्या बागांच्या कडेला एका मेकॅनिकने वीस मिनिटांत दांडी बसवली. श्रीनगरला त्याच संध्याकाळी पोचलो, मगरिबच्या कितीतरी आधी. पुढे दल सरोवर, हजरतबल, मग बनिहालच्या लांब बोगद्यातून जम्मूला परत. त्याबद्दल पुष्कळांनी लिहिले आहे, आम्ही वेगळे काय लिहिणार?

चाचांना फोन करायचे आम्ही विसरलो. शाळा सुरू झाली, पुस्तकवाटप आले, राहून गेले. जुलैमध्ये लाजत लाजत अम्मीला ते सांगितले, तर तिने वही उघडून दाखवली. राजौरीवाला, सरदारीण बाई, ट्रकवाला, आणि त्याखाली तिच्या अक्षरात ‘पीर की गली’. तिने आम्ही घरी आलो त्याच आठवड्यात चाचांच्या मुलाला फोन करून पोचल्याचे कळवले होते. तीन दिवस लागला नव्हता, चौथ्या दिवशी लागला.

गेल्या ऑक्टोबरात मगरिबच्या नमाजनंतर तिचा फोन वाजला. आम्ही वह्या तपासत होतो. पलीकडून चाचा ओरडून बोलत होते, ते आम्हालाही ऐकू येत होते. गली पार झाली, आज थन्नामंडीला उतरलो, म्हणत होते. अम्मीने विचारले, सगळे आले का? बाळ कसे आहे? मग तिने बकऱ्या किती, तेही विचारले.